निळ्या पंपाच्या भरवशावर

२०२५ मध्ये मोसमी पाऊस मे महिना सरण्यापूर्वीच गोव्यात दाखल झाला. उकाड्याने हैराण झालेल्यांना त्याचे अप्रूप वाटले. परंतु ज्यांच्या घरात दम्याचा रुग्ण आहे, त्यांच्या मनात पावसाबरोबर वेगळीच धास्ती उतरते. भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो, गादी दमट लागते आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास घरातले कोणीतरी उठून बसते. छातीत शिट्टी वाजत असते. उशाशी ठेवलेला निळा पंप चाचपडत शोधला जातो, दोन पफ घेतले जातात, दहा-पंधरा मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि घर पुन्हा झोपी जाते. सकाळी त्या प्रसंगाची कोणी वाच्यताही करीत नाही, कारण पंपाने काम केलेले असते.

नेमक्या याच समाधानाविषयी गेल्या काही वर्षांतील संशोधनाने गंभीर शंका उपस्थित केली आहे. मे २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात ‘बटुरा’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दमा सौम्य असलेल्या रुग्णांचे त्यात दोन गट करण्यात आले होते. त्रास झाला की एका गटाने केवळ साल्बुटामॉल, म्हणजे आपल्या परिचयाच्या निळ्या पंपातील औषध घ्यायचे. दुसऱ्या गटाने साल्बुटामॉलसोबत बुडेसोनाइड हे दाह कमी करणारे औषध एकत्र असलेला पंप घ्यायचा. पहिल्या गटात तीव्र झटका येणाऱ्यांचे प्रमाण ९.१ टक्के होते, दुसऱ्या गटात ते ५.१ टक्क्यांवर आले. अंतरिम तपासणीतच हा फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली.

या निष्कर्षात कोणतेही नवे औषध नाही, ही त्यातील खरी लक्षणीय बाब आहे. साल्बुटामॉल १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे, बुडेसोनाइडही काही दशकांचे जुने आहे. दोन्ही गोव्यातील कोणत्याही बऱ्या औषधालयात मिळतात. नवे आहे ते इतकेच, की ज्याला आपण उपचार समजत आलो तो अर्धाच उपचार होता आणि तोही कमी महत्त्वाचा अर्धा, हे आता पुराव्यानिशी सांगता येते.

दम्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. श्वासनलिकांच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे नळी अरुंद होते. हा भाग रुग्णाला जाणवतो. दुसरीकडे नळीच्या आतल्या अस्तराला सूज आलेली असते, तिथे चिकट स्राव साचत असतो. हा भाग रुग्णाला बरे वाटत असतानाही चालूच असतो. साल्बुटामॉल स्नायू सैल करते, अस्तराच्या सुजेला मात्र ते हात लावत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जोडी रोझेनब्लॅट यांच्या गटाने एप्रिल २०२४ मध्ये ‘सायन्स’ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने विलक्षण आहे. नळी आवळली गेली की अस्तरातील पेशींची अक्षरशः चेंगराचेंगरी होते आणि त्यातल्या कित्येक पेशी बाहेर फेकल्या जातात, असे या शास्त्रज्ञांना आढळले. अस्तर असे उघडे पडले की पुढच्या झटक्याची पूर्वतयारी होते. म्हणजे झटका हा केवळ दाहाचा परिणाम नसून पुढील दाहाचे कारणही ठरतो. साल्बुटामॉलने नळी उघडली तरी ही पेशींची पडझड थांबत नाही, असेही त्यात दिसून आले. पहाटे पंप घेऊन निर्धास्त झोपणाऱ्या माणसाच्या छातीत नंतर काय चालू राहते, याचे याहून स्पष्ट चित्र यापूर्वी कोणी रेखाटले नव्हते.

झटपट आराम देणाऱ्या औषधाच्या आहारी जाण्याचे दुष्परिणाम जगाने पूर्वीही अनुभवले आहेत. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर दम्याने होणाऱ्या मृत्यूंची जणू साथच आली होती. फेनोटेरॉल या जोरकस पंपाचा वापर आणि हे मृत्यू यांचा संबंध संशोधकांनी दाखवून दिला, १९८९ मध्ये त्या औषधाला सरकारी अनुदानाच्या यादीतून वगळण्यात आले आणि मृत्यूंचे प्रमाण खाली आले. त्याच देशातील रिचर्ड बीजली यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य दम्याच्या ६६८ प्रौढांची पाहणी झाली. गरजेपुरता बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप वापरणाऱ्यांत झटक्यांचे प्रमाण केवळ साल्बुटामॉल वापरणाऱ्यांच्या निम्म्यावर आले. त्याच वर्षी ‘जिना’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक दमा उपक्रमाने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि प्रौढांना व किशोरवयीनांना नुसत्या साल्बुटामॉलवर ठेवू नये, असे निःसंदिग्धपणे सांगितले. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. आपल्याकडे निळ्या पंपाचे स्थान अजूनही अबाधित आहे.

निळा पंप तरी बरा, असे म्हणण्याची पाळी यावी अशी परिस्थिती त्याच्याही पलीकडे आहे. भारतात दम्यासाठी आजही सर्रास गोळ्या दिल्या जातात: साल्बुटामॉलच्या, थिओफायलीनच्या, आणि त्रास वाढला की स्टेरॉइडच्या. श्वासावाटे घेतलेले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते आणि थेट नळीत पोहोचते. गोळीतून तोच परिणाम साधायचा तर मिलिग्रॅममध्ये औषध पोटात घालावे लागते, ते साऱ्या शरीरभर फिरते, हृदय धडधडते, हात कापतात. तरीही लोकांना गोळी सौम्य वाटते आणि पंप जालीम वाटतो. माझ्या आत्याने जवळजवळ वीस वर्षे गोळ्यांवर काढली. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही, तो शेवटचा उपाय’, असे ती म्हणायची आणि घरातल्या एकानेही, ज्यात वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माझाही समावेश आहे, तिला कधी प्रतिप्रश्न केला नाही. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी तिच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा हिशेब मांडला. पंपाची सवय लागू नये म्हणून तिने जे टाळले, त्याहून कितीतरी पट अधिक औषध तिच्या शरीरात गेले होते.

आत्याची समजूत अपवादात्मक नव्हती, हे आकडे सांगतात. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार भारतात सुमारे ३ कोटी ४३ लाख लोकांना दमा आहे. जगातील एकूण रुग्णांच्या तुलनेत हे प्रमाण साधारण १३ टक्के भरते. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. हवा, गरिबी, लोकसंख्या यांपैकी कोणतेही एक कारण एवढ्या मोठ्या तफावतीचा उलगडा करू शकत नाही. उलगडा होतो तो ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीने. पुण्यासह नऊ केंद्रांत सुमारे सव्वा लाख मुले व प्रौढ यांची विचारपूस झाली. ज्यांच्या छातीत घरघर होती, त्यांपैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा असल्याचे कोणी सांगितलेलेच नव्हते. ज्यांचे निदान झाले होते, त्यांतही श्वासावाटे घ्यायचे दाहशामक औषध रोज घेणारे १० टक्क्यांहून कमी निघाले. त्या नऊ केंद्रांत गोव्यातील एकही केंद्र नव्हते. त्यामुळे आपल्या राज्याविषयी बोलताना आपल्याला अनुमानाचाच आधार घ्यावा लागतो, आणि साक्षरता व आरोग्यसेवेच्या बाबतीत आघाडीवर असल्याचा दावा करणाऱ्या लहान राज्याला हे शोभणारे नाही.

निदान न होण्यामागे शब्दाची भीती हेही एक मोठे कारण आहे. ‘बाळदमा’, ‘ॲलर्जीचा खोकला’, ‘छाती भरणे’, ‘कफाची प्रकृती’ अशी पर्यायी नावे आपण योजून ठेवली आहेत. मुलीच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच पाळली जाते, कारण पुढे स्थळे पाहायची असतात. डॉक्टरही कित्येकदा पालकांच्या कलाने घेतात आणि प्रिस्क्रिप्शनवर सौम्य शब्द लिहितात. रोगाला नाव नसले की उपचारालाही सातत्य राहत नाही. खोकल्याचे औषध खोकला थांबला की बंद होते. तेच दम्याचे औषध आहे असे सांगितले असते, तर ते बरे वाटत असतानाही चालू ठेवायचे असते, हे कळले असते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ते चार महिने हवेतील आर्द्रता क्वचितच खाली उतरते. गादी-उशीत राहणारे धुळीतील सूक्ष्म माइट किडे पाणी पीत नाहीत, ते हवेतील बाष्प शोषून जगतात. साहजिकच दमट किनारपट्टी हे त्यांचे नंदनवन आहे. त्यांच्या विष्ठेतील प्रथिने ही दम्याची आणि नाकाच्या ॲलर्जीची जगभरातील प्रमुख कारणे मानली जातात. त्यांच्या जोडीला भिंतीवरची बुरशी आणि स्वयंपाकघरातील झुरळे. एक मौजेची गोष्ट म्हणजे माइट, झुरळ आणि सुंगटे यांच्या शरीरात ट्रोपोमायोसिन नावाचे एकमेकांशी मिळतेजुळते प्रथिन असते. गादीवर शिंका देणाऱ्या एखाद्या गोंयकाराला सुंगटांच्या हुमणाने ओठ सुजण्याचा अनुभव येतो, त्यामागे पुष्कळदा हेच नाते असते. प्रत्येकाला तसे होईल असे नाही. परंतु होत असेल तर ‘मासळी ताजी नव्हती’ एवढ्यावर विषय संपवू नये.

पाऊस ओसरला तरी सुटका नाही. काजूच्या मोहोराचे दिवस आपल्या डोंगरउतारांवर जानेवारीच्या आसपास भरात येतात. दम्याच्या रुग्णांमधील काजूच्या परागकणांच्या ॲलर्जीविषयी फर्नांडिस आणि मेस्किता यांचा शोधनिबंध १९९५ मध्येच ॲलर्जीविषयक एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काजू हे आपले नगदी पीक, हुर्राकाचा आणि फेणीचा मूलाधार. त्यामुळे तो दोषी असू शकतो हे आपल्या गावीही नसते. तीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या या वाटेवर पुढे फारसे कोणी चालल्याचे दिसत नाही. दिल्ली-मुंबईच्या प्रयोगशाळांतील ॲलर्जी चाचण्यांचे संच तिकडच्या झाडाझुडपांवर बेतलेले असतात, हे लक्षात घेतले तर गोव्याचा स्वतःचा परागकणांचा पंचांगवजा तक्ता असायला हवा ही मागणी अवास्तव ठरू नये.

बाहेरच्या धुळीविषयी येथे अनेकदा लिहिले गेले आहे. मुरगाव बंदरातील कोळसा हाताळणीच्या विरोधात वास्को परिसरातील लोक वर्षानुवर्षे आवाज उठवत आहेत, २०१७ च्या जनसुनावण्यांत तो आवाज साऱ्या राज्याने ऐकला. खाणपट्ट्यातील रस्त्यालगतच्या घरांना ट्रकांच्या लाल धुळीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. त्या लढ्यांचे महत्त्व मान्य करूनही एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाहेरच्या धुळीविरुद्ध मोर्चा काढणारे आपण घरातल्या धुराबाबत कमालीचे सोशिक आहोत. डासांची एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे अतिसूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजमाप करून दाखवण्यात आले. बंद खोलीत, झोपलेल्या मुलाच्या पलंगाखाली आपण ती रात्रभर जाळतो. अगरबत्ती, धूप, शेणी, नरकासुराच्या रात्रीचे फटाके यांचाही धूर छातीला धूरच असतो, त्याच्यामागची भावना फुफ्फुसाला कळत नाही. आणि काही जणांचा त्रास कामाच्या जागी दडलेला असतो: भट्टीवर रात्रभर पीठ मळणाऱ्या पोदेराचा पिठाच्या धुळीमुळे, हॉटेलांच्या खोल्या व न्हाणीघरे रसायनांनी घासणाऱ्या महिलांचा त्या फवाऱ्यांमुळे. सुटीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की छाती आवळते, ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

घरगुती उपायांविषयी वाचक नेहमी विचारतात, म्हणून त्यांचा परामर्श घेतो. या बाबतीत दोन टोके दिसतात. एका टोकाला सरसकट श्रद्धा, दुसऱ्या टोकाला सरसकट तुच्छता. वास्तविक आधुनिक औषधांतील काही वनस्पतींच्याच पोटी जन्मली आहेत. परसातल्या अडुळशात वासिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध प्रयोगशाळेत तयार झाले. धोतऱ्याच्या पानांचा धूर दम्यावर घेण्याची भारतीय प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तिथे धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यातील ॲट्रोपिनच्या कुळातूनच पुढे इप्राट्रोपियम हे पंपातले औषध आले. परंतु हा इतिहास सांगून कोणी धोतरा जाळू लागेल तर त्याचा जीव धोक्यात येईल. विषारी मात्रा आणि गुणकारी मात्रा यांत इथे फार थोडे अंतर आहे, आणि तेच अंतर सुरक्षित करण्यासाठी प्रयोगशाळा लागली.

आले-तुळशीचा काढा, हळदीचे दूध, वर्षावरील मुलांना मध यांनी घशाला आराम पडतो. नळीच्या दाहावर ते पुरेसे पडतात असा भरवशाचा पुरावा नाही. घेण्यास हरकत नाही, त्यांच्या भरवशावर पंप बंद करण्यास मात्र सक्त हरकत आहे. वाफ नाक मोकळे करते, दमा नव्हे. शिवाय गरम पाण्याचे भांडे उलटून मुले भाजण्याचे प्रसंग घडतात. ओव्याची धुरी तर टाळलेलीच बरी. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आपली जलनेती, यासंबंधी मात्र बरा पुरावा आहे. नाकाच्या ॲलर्जीची लक्षणे त्याने कमी होऊ शकतात, असा निर्वाळा २०१८ च्या कोक्रेन समीक्षेने सावधपणे दिला. मात्र पाणी उकळून गार केलेलेच हवे. विहिरीचे किंवा नळाचे थेट वापरू नये. केरळात २०२४ मध्ये ज्या अमिबाच्या संसर्गाने मुले दगावली, तो नाकावाटेच मेंदूपर्यंत पोहोचतो.

योगासने व प्राणायामाविषयीही अभ्यास झाले आहेत. २०१६ च्या कोक्रेन समीक्षेत १५ चाचण्यांतील १०४८ रुग्णांचा विचार झाला. दैनंदिन जगणे किंचित सुकर होते, असा निष्कर्ष निघाला. किंचित या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. ‘ड’ जीवनसत्त्वाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. २०१६ मध्ये त्याच संस्थेच्या समीक्षेने त्याने तीव्र झटके कमी होतात असे म्हटले, २०२३ मध्ये अधिक चाचण्या हाती आल्यावर तो लाभ दिसेनासा झाला. आपल्या शेजारी हैदराबादेत मृग नक्षत्राच्या मुहूर्तावर जिवंत मरळ माशाच्या तोंडात लेप भरून तो गिळायला देण्याची प्रथा दीडशे वर्षांहून जुनी आहे. हजारो लोक रांगा लावतात, शाकाहारींना गुळातून देतात. बुद्धिवादी संघटनांनी आक्षेप घेतल्यानंतर त्याला औषध न म्हणता प्रसाद म्हटले जाते. प्रसाद म्हणून घेणाऱ्याशी वाद नाही. प्रश्न एवढाच की रांगेतून परतणाऱ्यांपैकी कितीजण घरी जाऊन पंप फेकून देतात.

गादीच्या बाबतीत लोक पैसे खर्च करतात, म्हणून एक खुलासा. माइट आत-बाहेर करू शकणार नाहीत अशी महागडी गादीची आवरणे बाजारात आहेत. ब्रिटनमध्ये १,१२२ प्रौढांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या आवरणांनी दम्यात काही फरक पडला नाही. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुणे, पाऊस उघडला की गादीला उन्हात टाकणे, गळती बंद करणे, ओली भिंत नुसती रंगवून न झाकणे, झुरळे आटोक्यात ठेवणे, हे सगळे एकत्र केले तर काहींना गुण येतो. एकेकटा उपाय विकत घेऊन निर्धास्त होणे व्यर्थ.

एक घरगुती उपाय मात्र असा आहे की ज्याची शिफारस मनापासून करावीशी वाटते, आणि तो काढा-चाटण नाही. लहान मुलांना पंप नीट ओढता येत नाही, त्यासाठी स्पेसर नावाची प्लास्टिकची नळकांडी लागते. ती नसल्यास अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडून, सांधा हवाबंद करून वापरली तर तातडीच्या वेळी विकतच्या स्पेसरइतकाच परिणाम साधतो, हे केप टाउनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये दाखवून दिले. स्पेसर मोठ्यांनाही उपयोगी आहे. पंप दाबताना श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा, दहा सेकंद रोखायचा. पावडरीच्या यंत्रात मात्र जोराने ओढायचा. दाहशामक औषध घेतल्यावर चूळ भरायची. पावडरीची कॅप्सूल यंत्रात घालायची असते, ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण डॉक्टरांना आजही भेटतात. आपल्या हवेत कॅप्सूल पाकिटातून आधी काढून ठेवली तर ती दमट होते, तेव्हा ऐनवेळीच फोडावी. आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप गरजेनुसार घेण्याची मुभा आहे ती त्यातील फॉर्मोटेरॉल लवकर काम करते म्हणून. दाहशामक असलेले सगळेच मिश्र पंप तसे वापरता येत नाहीत. बदल करायचा तो डॉक्टरांशी बोलूनच. एक वाक्य एका दमात पुरे करता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, किंवा पंपाचा असर दोन-तीन तासही टिकत नसेल, तर घरी वाट पाहत बसू नये; १०८ ला फोन करावा.

नव्या संशोधनाची चर्चा इंजेक्शनांशिवाय पुरी होणार नाही. ‘पन्नास वर्षांतील पहिला नवा उपचार’ अशा मथळ्याची बातमी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वत्र झळकली. आमच्या पानावरचा मथळाही जवळपास तोच होता आणि तो मीच दिला होता. मूळ अभ्यास १५८ रुग्णांचा होता. तीव्र झटक्याच्या वेळी बेनरालिझुमाब या इंजेक्शनाचा एक डोस दिला तर ९० दिवसांत उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण ४५ टक्के राहिले, केवळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत ते ७४ टक्के होते. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या रुग्णांपुरताच तो निष्कर्ष लागू आहे, हे मथळ्यात मावले नाही. ओमालिझुमाब, मेपोलिझुमाब, ड्युपिलुमाब ही त्याच पंक्तीतली औषधे काही थोड्या गंभीर रुग्णांचे आयुष्य पालटून टाकतात, यात शंका नाही. परंतु एकेका मात्रेला हजारो रुपये मोजावे लागतात. ज्या देशात निदान झालेल्या दहांतील नऊ जण साधा दाहशामक पंपही नियमित घेत नाहीत, तिथे या इंजेक्शनांच्या बातम्यांना आपण दिलेली जागा आणि बुडेसोनाइडला दिलेली जागा यांचे प्रमाण व्यस्त आहे, ही कबुली आमच्या व्यवसायानेही द्यायला हवी.

आता शासनाकडे. बुडेसोनाइड आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही दोन्ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत. २०२५ च्या जागतिक दमा दिनाचे घोषवाक्यही श्वासावाटे घ्यायची औषधे सर्वांना उपलब्ध करण्याविषयीच होते. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना रुग्ण रुग्णालयात दाखल झाला की त्याचा भार उचलते. दाखल होण्याची वेळ येऊ नये म्हणून महिन्याकाठी लागणारा पंप मात्र तिच्या कक्षेत येत नाही. म्हणजे अतिदक्षता विभागाचे बिल भरण्यास आपण तयार आहोत, त्याच्या अल्पांशात येणाऱ्या पंपाचे नाही. हे राज्य वेगळा विचार करू शकत नाही असेही नाही. हृदयविकाराच्या झटक्यावरील महागडे इंजेक्शन तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत मोफत ठेवून, ती केंद्रे गोमेकॉतील तज्ज्ञांशी जोडण्याचा ‘स्टेमी-गोवा’ प्रकल्प याच आरोग्य खात्याने उभा केला. हृदयाच्या बाबतीत जे साधले ते फुफ्फुसाच्या बाबतीत साधण्यासाठी ना तेवढी यंत्रसामग्री लागते, ना तेवढा पैसा. लागतो तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांच्या मागणीपत्रकात एका ओळीचा बदल, आणि परिचारिकेची प्रत्येक नव्या रुग्णामागची दहा मिनिटे, पंप कसा ओढायचा हे शिकवण्यासाठी.

 गेल्या वर्षभरात राज्यातील सरकारी आरोग्य केंद्रांतून साल्बुटामॉलचे किती पंप, साल्बुटामॉल व थिओफायलीनच्या किती गोळ्या आणि दाहशामक औषधाचे किती पंप वाटले गेले, हा तारांकित प्रश्न चाळीस आमदारांपैकी कोणालाही विचारता येईल. उत्तरासाठी नव्या पाहणीची आवश्यकता नाही. औषधभांडाराच्या नोंदवह्या चाळल्या तरी पुरे.